पोत्यांतली जावा : सुट्या भागांतील जुनी मोटारसायकल घेण्याचा एक निर्णय

पार्श्वभूमी

जून २०२२ मध्ये, पावसाळा तोंडावर आलेला असताना, कोल्हापुरातील एका तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या चाळिशीतल्या एका गृहस्थांना शेजारच्या तालुक्याच्या गावात एक सुटी केलेली जावा विकायला असल्याचे कळले. या लेखात त्यांना खरेदीदार म्हटले आहे. माझी बरीच वर्षे उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या यंत्रकामाच्या वसाहतीत, इंजिनांच्या कामात गेली असल्याने त्यांनी मला सोबत नेले, आणि पुढे अडीच वर्षे हा व्यवहार मी जवळून पाहिला. ओळख पटू नये म्हणून गावांची व माणसांची नावे दिलेली नाहीत. रकमा मात्र खरेदीदारांच्या वहीतल्याच आहेत.

गाडी १९६८ सालची, २५० सीसीची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेली. चेकोस्लोव्हाकियातील जावाच्या परवान्यावर या कारखान्याने १९६१ मध्ये उत्पादन सुरू केले, पुढे येझदी हे नाव घेतले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एकच सिलिंडर आणि त्याला दोन सायलेन्सर, गिअरची कांडी आत दाबून वळवली की तीच किकची कांडी, मागची चेन पूर्ण झाकलेली, आणि गिअर टाकताना क्लच आपोआप सुटण्याची सोय, ही या गाडीची वैशिष्ट्ये. आमच्या भागात साखर कारखान्यांचे शेती कर्मचारी, शिक्षक आणि दूध संस्थांचे सचिव या गाड्या सर्रास वापरत असत, त्यामुळे पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांच्या कानात तिचा आवाज अजून आहे. खरेदीदारांच्या वडिलांकडेही जावा होती आणि ती त्यांच्या लहानपणीच विकली गेली होती. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले ते बरे झाले, कारण निर्णयात भावनेचा वाटा किती आहे हे आम्हा दोघांनाही त्यामुळे ठाऊक होते.

गाडी ज्या गॅरेजमध्ये पडून होती ते चालवणारे मिस्त्री २०१९ मध्ये वारले होते. त्यांचा मुलगा जागा रिकामी करत होता आणि त्याने ४५,००० रुपये किंमत सांगितली होती. चासिस भिंतीला टेकवून ठेवलेली होती. बाकी सारी गाडी दोन गोणपाटाची पोती, एक डालड्याचा डबा आणि एक लाकडी खोके यांत होती. कागदपत्रांबद्दल विचारले तेव्हा, ‘आरसी बुक हरवले आहे, डुप्लिकेट काढून देतो,’ असे तो म्हणाला. खरेदीदारांनी त्याच दिवशी, पावती न घेता, ५,००० रुपये इसार दिला. मी तिथे उभा होतो आणि मीही अडवले नाही.

अडचण

घरी परतताना दोन प्रश्न उरले होते. पोत्यांत नेमके काय आहे, हा पहिला. ती गाडी विकण्याचा हक्क त्या मुलाला आहे का, हा दुसरा. पहिला प्रश्न सगळेच विचारतात, कारण तो हातांनी सोडवता येतो. दुसरा मनात आला तो डुप्लिकेटच्या गोष्टीमुळे. हरवलेल्या आरसीची दुसरी प्रत मिळवण्याचा अर्ज, म्हणजे फॉर्म २६, नोंदणीकृत मालकाच्या सहीनेच करावा लागतो. मुलगा जर मालकाचा वारस नसेल, तर तो डुप्लिकेट काढून देणार तरी कसा?

पुढच्या खेपेला आम्ही त्याला सरळच विचारले आणि त्यानेही काही लपवले नाही. गाडी त्यांच्या घरची नव्हतीच. १९९४ मध्ये एका गिऱ्हाइकाने ती दुरुस्तीला आणली आणि परत नेली नाही. मिस्त्रींची कामाची वही त्याने माळ्यावरून काढून दिली. निळ्या शाईत एकच ओळ होती : मालकाचे नाव, गाव, ‘जावा, इंजिन जाम, पिस्टन काढून पाहणे, ३०० जमा.’ खाली दुसऱ्या पेनाने ‘निरोप दिला’ असे दोनदा लिहिलेले होते.

या एका ओळीने व्यवहाराचे रूपच बदलले. दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवण्याचा हक्क कारागिराला भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० ने मिळतो. परंतु अडवून ठेवण्याचा हक्क म्हणजे विकण्याचा हक्क नव्हे. मालविक्री कायदा, १९३० चे कलम २७ तर असे सांगते की विकणाऱ्याकडे जितका हक्क आहे त्यापेक्षा अधिक हक्क सर्वसाधारणपणे घेणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे ४५,००० रुपये देऊन खरेदीदारांच्या हाती लोखंड आले असते, गाडी आली नसती. मिस्त्रींच्या मुलाची यात लबाडी होती असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. जी वस्तू अठ्ठावीस वर्षे आपल्या जागेत पडून आहे ती आपलीच, असे कोणालाही वाटू शकते.

मोजदाद

हक्काचा प्रश्न सुटेपर्यंत थांबायचे, की आधी माल तपासायचा, यावर आमचा थोडा वाद झाला. माझे मत आधी मोजदाद करावी असे होते, कारण इंजिनाचे केसिंगच, म्हणजे बाहेरचे धातूचे कवच, वाया गेलेले असेल तर वारस शोधण्याचे कारणच उरत नाही. ऑगस्टमधले दोन रविवार आम्ही त्यात घालवले. गॅरेजपुढच्या ओट्यावर ताडपत्री अंथरली, जुन्या पार्ट्स कॅटलॉगची छायाप्रत समोर ठेवली आणि एकेक आकृती घेऊन तिच्यातील भाग ताडपत्रीवर त्याच क्रमाने मांडत गेलो. पोत्यांत पाहून यादी करायची नाही, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला. पोत्यात हात घातला की जे आहे ते दिसते. आकृतीप्रमाणे मांडत गेले की रिकाम्या जागा दिसतात.

चासिसचा क्रमांक हॅन्डलच्या मुंडीपाशी ठोकलेला असतो. त्यावरचे रंगांचे थर आम्ही थिनरच्या बोळ्याने हळूहळू सोडवले. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावू दिला नाही, कारण घासलेला क्रमांक आरटीओच्या निरीक्षकाच्या नजरेत संशयास्पद ठरतो. आकडे स्वच्छ निघाले. इंजिन क्रमांकही केसिंगवर शाबूत होता.

केसिंगचे दोन्ही अर्धे एकमेकांवर नीट बसले. त्यांची जोडी एकत्र बसवूनच तयार केलेली असते, त्यामुळे एक अर्धा दुसऱ्या गाडीचा असता तर माझा सल्ला तिथल्या तिथे नकाराचा होता. मात्र चेनच्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटजवळ, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाजवळ, मला एक केसासारखी रेघ दिसली. ती जागा पुसून तिच्यावर रॉकेल लावले, पुन्हा कोरडी केली आणि खडूची पूड चोळली. पाच मिनिटांत पांढऱ्या पुडीवर दीड इंचाची करडी रेघ उमटली. कधीतरी चेन तुटून आत गुंडाळली गेली असणार. अशी भेग आर्गॉन वेल्डिंगने भरता येते; पण ते काम केसिंग पूर्ण धुऊन, तेल जाळून काढून आणि दोन्ही अर्धे एकत्र आवळून करावे लागते, नाहीतर बेअरिंगच्या जागा वाकड्या होतात.

सिलिंडरच्या बाहेरच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांपैकी दोन तुटलेल्या होत्या. तो दोष दिसण्यापुरताच. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला खोल ओरखडे होते. या इंजिनात वेगळा ऑइल पंप नसतो, पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलच पिस्टन व सिलिंडरपर्यंत पोहोचते, त्यामुळे मिश्रणात ऑइल कमी पडले की इंजिन असेच जाम होते. वहीतल्या ओळीशी हे जुळत होते. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड धरून वरखाली हलवला तेव्हा बोटांना खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला नाही. क्रँक ठीक आहे, असे मी म्हणालो. या वाक्याची किंमत पुढे मोजावी लागली.

ताडपत्रीवर ज्या जागा रिकाम्या राहिल्या त्या अशा : कार्ब्युरेटर, डायनॅमोची स्थिर कॉइल, इग्निशन स्विच, स्पीडोमीटर, टाकीचे झाकण, एका बाजूचा गुडघा-रबर आणि चेनकव्हरचा खालचा अर्धा. उलट काही वस्तू जास्तीच्या निघाल्या. सायलेन्सर तीन होते, त्यांपैकी एक येझदीचा. गिअरबॉक्सची काही दातेरी चाके दुहेरी होती आणि त्यांतल्या एकाचा दात गेलेला होता. गॅरेजमध्ये पडून राहिलेल्या गाडीत इतर गाड्यांचे भाग मिसळतात आणि तिचे भाग इतर गाड्यांना जातात. म्हणून ‘सगळे सामान आहे’ या शब्दावर, तो कितीही प्रामाणिकपणे दिलेला असला तरी, विसंबता येत नाही.

पर्याय

सप्टेंबरमध्ये खरेदीदारांनी चार पर्याय कागदावर मांडले.

इसार सोडून देऊन विषय संपवणे, हा पहिला. नुकसान ५,००० रुपयांचे, निश्चित आणि मर्यादित. त्यांच्या पत्नीचे मत याच बाजूचे होते, आणि त्यांचे कारण पैशांचे नव्हते. मुलगी दहावीत होती. दोन वर्षांचे रविवार कोणाच्या वाट्याचे जाणार, हा त्यांचा प्रश्न होता. यादीत हा खर्च कुठेच धरलेला नव्हता आणि तो धरायला हवा होता.

दुसरा पर्याय चालू स्थितीतील, कागदपत्रे पूर्ण असलेली जावा घेण्याचा. त्याच महिन्यात सांगलीत अशी एक गाडी २,३०,००० रुपयांना सांगितली जात होती. आम्ही ती पाहिली, फिरवली. गाडी चांगली होती. ज्याला केवळ गाडी चालवायची आहे त्याने हाच मार्ग धरावा, असे मी तेव्हाही म्हणालो.

तिसरा पर्याय गॅरेजकडूनच कमी किमतीत, ‘आहे तसे’ घेण्याचा आणि कागदांचे नंतर पाहण्याचा. मिस्त्रींचा मुलगा २५,००० पर्यंत उतरला होता. किंमत उतरू लागली की हा पर्याय मोहक दिसतो, पण हक्काचे गणित त्याने बदलत नाही.

चौथा पर्याय मूळ मालकाच्या वारसांकडून रीतसर खरेदी करण्याचा आणि गॅरेजला जागेचे व सांभाळणुकीचे पैसे वेगळे देण्याचा. यासाठी त्यांनी खर्चाचा अंदाज काढला : इंजिनाचे मशीनकाम ३५,०००, नसलेले भाग ३०,०००, रंग व क्रोम २८,०००, टायर, रिम व आरे १७,०००, एकूण १,१०,०००.

नोंदणीबाबतही एक फाटा होता. ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले आहेत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, मुदत १० वर्षांची आहे, मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. खरेदीदारांना रविवारी सकाळी पन्हाळ्याला जायचे होते. म्हणून त्यांनी नेहमीच्या नोंदणीचे पाच वर्षांचे नूतनीकरण, म्हणजे फॉर्म २५ चा मार्ग धरायचे ठरवले. त्यात एक पेच होता. नूतनीकरणासाठी गाडी निरीक्षकापुढे उभी करावी लागते, आणि पोत्यांतली गाडी उभी करता येत नाही. म्हणजे बहुतेक सगळा खर्च होऊन गेल्यावरच नूतनीकरण होते की नाही हे कळणार. हा धोका पूर्णपणे टाळता येत नव्हता. क्रमांक जुळणे, जुन्या नोंदवहीत गाडीची नोंद सापडणे आणि वारसांच्या सह्या मिळणे, एवढ्या गोष्टी आधी पक्क्या करून तो कमी मात्र करता येत होता. या तीनपैकी एकही अडली तर व्यवहार सोडायचा, असे त्यांनी लिहून ठेवले आणि त्या कागदावर पत्नीचीही सही घेतली.

निर्णय आणि कृती

वहीतल्या गावात विचारपूस केल्यावर मूळ मालक साखर कारखान्याचे शेती ओव्हरसिअर होते आणि २००३ मध्ये वारले, हे समजले. त्यांची मुलगी सांगलीत होती. खरेदीदार फोनवर सर्व सांगून मगच भेटायला गेले. ताईंनी ट्रंकेतून कापडी पाठीचे आरसी बुक काढले. आत कराच्या जुन्या पावत्या टाचलेल्या होत्या आणि दोन्ही क्रमांक आम्ही उतरवून नेलेल्या आकड्यांशी तंतोतंत जुळले. हरवलेले म्हटलेले पुस्तक गॅरेजमध्ये कधी नव्हतेच.

ताई तयार होत्या. पुण्यातले त्यांचे भाऊ नव्हते. ‘बाबांची गाडी विकायची नाही,’ एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. इथे खरेदीदारांनी किंमत वाढवून दिली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. त्यांनी ताडपत्रीवरच्या मांडणीची छायाचित्रे आणि नसलेल्या भागांची यादी पाठवली आणि आपल्यालाच गाडी उभी करायची असेल तर यादी वापरा, मी मदत करीन, असे कळवले. तीन आठवड्यांनी ते भाऊ स्वतः गॅरेजमध्ये आले. टाकीवरचा पोचा त्यांनी ओळखला. तो त्यांच्याच हातून पडला होता. जाताना ते म्हणाले, “घ्या तुम्ही. फक्त तुकडे करून विकू नका.”

नोव्हेंबर २०२२ मध्ये व्यवहार झाला. वारसांना ३०,००० रुपये बँकेतून दिले. गॅरेजला १०,००० ठरले आणि आधीचा इसार त्यातच धरला गेला. मिस्त्रींच्या मुलाने पावती दिली आणि गाडीवर आपला कोणताही दावा नसल्याचे लिहून दिले. गाडी आधी ताईंच्या नावावर यावी यासाठी फॉर्म ३१, भावाचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणि पुढील हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३० असा क्रम ठरला. क्रमांक तीन अक्षरांच्या जुन्या मालिकेतला असल्याने तो परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत नव्हता. जुन्या नोंदवहीतून नोंद शोधून ती प्रणालीत चढवून घेण्यात सात महिने गेले. नोंद सापडल्याशिवाय खरेदीदारांनी वेल्डिंगपलीकडे एकाही कामाला पैसे दिले नाहीत.

परिणाम

सप्टेंबर २०२४ मध्ये, व्यवहारानंतर २२ महिन्यांनी, इंजिन सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षण, विलंब शुल्क, पर्यावरण कर आणि विमा हे सर्व होऊन नूतनीकरण मिळाले व गाडी खरेदीदारांच्या नावावर झाली.

अंदाज १,१०,००० चा होता, खर्च १,५८,००० झाला. वाढीव ४८,००० पैकी २२,००० इंजिनाचे, ११,००० दुबार रंगाचे, ९,००० कागदपत्रे व फेऱ्यांचे आणि ६,००० किरकोळ. गाडीची किंमत धरून एकूण १,९८,००० झाले, म्हणजे सांगलीच्या चालू गाडीपेक्षा ३२,००० कमी. रविवार यात धरलेले नाहीत. मूळच्या जिकोव्ह बनावटीचा कार्ब्युरेटर मिळाला पण झिजलेला निघाला, म्हणून मिकार्ब या दुसऱ्या बनावटीचा बसवावा लागला. सहा व्होल्टचा दिवा रात्री घाटात पुरत नाही. दुसरा गिअर उतारावर कधीकधी सुटतो आणि त्यासाठी इंजिन पुन्हा खोलावे लागणार आहे.

वेगळे काय करता आले असते

क्रँकची चूक माझी होती. कनेक्टिंग रॉडमध्ये वरखाली खेळ नाही एवढ्यावरून मी तिला ठीक म्हटले. प्रत्यक्षात, अठ्ठावीस वर्षे ओल लागून मोठ्या बेअरिंगच्या रोलरांवर गंजाचे खड्डे पडले होते, आणि गंजानेच खेळ दडवला होता. ही क्रँक दाबून बसवलेली असते. ती प्रेसवर उघडून, नवी पिन व रॉड घालून, डायल गेज या मोजमापाच्या उपकरणावर मिलिमीटरच्या शतांश भागांत सरळ करावी लागते. किंमत ठरण्यापूर्वी ती रॉकेलमध्ये धुऊन, कोरडी करून, कानाजवळ धरून फिरवली असती तर करकर तिथेच ऐकू आली असती. सुट्या गाडीचा मोठा फायदाच हा आहे की क्रँक हातात घेऊन पाहता येते, आणि तो फायदा आम्ही वाया घालवला.

रंगाचा दुबार खर्च खरेदीदारांच्या उत्साहाचा. इंजिनाचे काम लांबले तसे त्यांनी मडगार्ड, टाकी व चेनकव्हर रंगवून आणले. जोडताना मागच्या मडगार्डची छिद्रे चासिसशी पाव इंचाने जुळेनात. मडगार्ड दुसऱ्या गाडीचे होते. छिद्रे ओढताना रंग उडाला. कच्च्या पत्र्यावर सगळी गाडी एकदा नटबोल्टांसह उभी करून, मग सुटी करून रंगाला द्यायला हवी होती. मोजदादीच्या वेळी आम्ही भाग ओळखले, पण एकमेकांत बसवून पाहिले ते फक्त केसिंग.

आणि तो इसार. पहिल्या दिवशी पाच हजार हातावर ठेवल्यामुळे पुढचे तीन महिने खरेदीदारांच्या बोलण्यात ‘आपली गाडी’ असा शब्द येत राहिला, आणि नाही म्हणण्याची त्यांची ताकद तेवढी कमी झाली. वही निघाली नसती, किंवा मुलगा सरळ नसता, तर ते पंचवीस हजारांच्या पर्यायाकडे घसरले असते अशी मला अजूनही शंका आहे. इसार द्यायचाच असेल तर मोजदाद झाल्यावर, मालकाला आणि पावती घेऊन द्यावा.

गेल्या हिवाळ्यात त्याच गॅरेजच्या मागच्या खोलीतून एक सुटी केलेली राजदूत मोटारसायकल निघाली आणि मुलाने पहिला फोन खरेदीदारांना केला. ते गेले, पोते उघडण्याआधी त्यांनी मिस्त्रींची वही मागितली आणि दुपारभर बसून पाने चाळली. त्या गाडीची नोंद कुठेच नव्हती, नंबरप्लेटही नव्हती. चहा घेऊन, किंमत न विचारता ते परत आले.